शेवटचा शॉट कुणी घ्यायचा? फायनल्समधले स्टार आणि शेवटचं मिनिट

बँकशॉट

संध्याकाळी कोर्टावर हा वाद रोज निघतो आणि रोज अर्धवट राहतो, म्हणून इथं धागा काढतोय. सगळ्यांनी लिहा, विशेषतः जे स्वतः खेळलेत त्यांनी.

एनबीए, म्हणजे अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग, तिच्या फायनल्सच्या शेवटच्या मिनिटात टीमच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूनं शॉट न घेता पास दिला, की "ऐन वेळी कच खाल्ली" म्हणायची आपल्याकडं पद्धत पडली आहे. मला ती अजिबात पटत नाही. पास बरोबर होता की नाही, हे बॉल हातातनं सुटतो त्या क्षणी ठरतं. पुढच्यानं घातला का चुकवला, तो हिशोब वेगळा.

माझ्या डोक्यात आहे ती २०२० ची पाचवी मॅच. तिकडं ९ ऑक्टोबरची रात्र, आपल्याकडं १० ची सकाळ. सातपैकी चार मॅच जिंकायच्या सिरीजमध्ये लेकर्स ३-१ नं पुढं, म्हणजे ही जिंकली की ट्रॉफी. १६.८ सेकंद उरलेले असताना जिमी बटलरनं दोन फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारे एकेक पॉइंटचे मोकळे शॉट) घालून मायामीला १०९-१०८ असं पुढं नेलं. लेकर्सच्या लेब्रॉन जेम्सचे तोवर ४० पॉइंट झालेले. तो आत घुसला, मायामीचे तिघं त्याच्यावर धावले, आणि त्यानं बॉल मागं समोरच्या बाजूला उभ्या असलेल्या डॅनी ग्रीनला दिला. ग्रीनच्या जवळपास कुणी नव्हतं. शॉट चुकला. रिबाउंड (शॉट चुकून परत आलेला बॉल) लेकर्सच्याच मार्कीफ मॉरिसला मिळाला, पण त्यानं अँथनी डेव्हिसकडं टाकलेला बॉल थेट बाहेर गेला. १११-१०८, मॅच गेली. त्यानंतर ग्रीनला सोशल मीडियावर जिवे मारायच्या धमक्या आल्या आणि लेब्रॉनला शिकागोच्या मायकल जॉर्डनचं नाव काढून "जॉर्डननं मारला असता" हे ऐकावं लागलं.

तिघांच्या हातांमधनं मारलेला शॉट आणि मोकळ्या शूटरचा शॉट यात निवड करायची असेल, तर मी शंभर वेळा तो पासच देईन. तुमचं काय मत?

आठवा नंबर

धागा चांगला काढलात, पण असहमत.

४० केलेत ना त्यानं? मग ४१ आणि ४२ पण त्यानंच करायला पाहिजेत. रात्रभर ज्याला कुणी अडवू शकलं नाही, तो शेवटच्या सात सेकंदात दुसऱ्यावर कसा काय सोडतो? आणि "मोकळा होता" एवढं पुरेसं नाही. मोकळा कोण होता, हे पण बघायचं असतं. त्या प्लेऑफ्समध्ये ग्रीनचा हात चालत नव्हता, हे मॅच बघणाऱ्या प्रत्येकाला माहीत होतं, मायामीच्या कोचला तर नक्कीच. त्यांनी ग्रीनला मोकळा सोडला तो चुकून नाही. लेब्रॉननं त्यांना पाहिजे तेच केलं.

मी लेकर्सच्या कोबी ब्रायंटला बघत मोठा झालोय. वाईट शॉट असला तरी तो माझा शॉट, त्याचं ओझं माझ्या डोक्यावर, ही वृत्ती मला जास्त पटते.

राजारामपुरीकर

आठव्या नंबरला अनुमोदन. तिघं जरी अंगावर आले असले, तरी फाउल मिळायची शक्यता होतीच की. एकनं मागं असताना थ्री (लांबनं तीन पॉइंटचा शॉट) कशाला? आत जा, दोन घे नाहीतर फ्री थ्रोच्या लाइनवर जा.

चोवीस सेकंद

"जॉर्डननं मारला असता" म्हणणाऱ्यांनी जॉर्डनच्याच सहा फायनल्स नीट बघाव्यात अशी कळकळीची विनंती.

१९९३, सहावी मॅच, फिनिक्स. शिकागो ९८-९६ नं मागं. चौथ्या क्वार्टरमध्ये तोवर शिकागोचे सगळेच्या सगळे नऊ पॉइंट एकट्या जॉर्डनचे. शेवटच्या पझेशनला त्यानं बॉल पुढं आणला आणि पिपनला दिला. पिपन आत गेला, त्यानं हॉरेस ग्रँटला दिला. ग्रँट बास्केटच्या अगदी जवळ होता, तरी त्यानं बाहेर जॉन पॅक्सनला दिला. ३.९ सेकंद शिल्लक, थ्री, ९९-९८, ट्रॉफी. त्या शॉटला शेवटचा पास सुद्धा जॉर्डनचा नव्हता.

१९९७, सहावी मॅच, शिकागो, समोर युटा. ८६-८६. टाइमआउटमध्ये बेंचवर बसल्या बसल्या जॉर्डननं स्टीव्ह केरला सांगून ठेवलं की युटाचा स्टॉकटन तुला सोडून माझ्यावर येणार, तयार राहा. केर म्हणाला, राहतो. झालं तसंच. स्टॉकटन आला, पास गेला, पाच सेकंद उरलेले असताना सतरा फुटांवरनं केरनं घातला. त्या मॅचला जॉर्डनचे ३९ होते. आठव्या नंबरच्या हिशोबानं चाळिसावा आणि एकेचाळिसावा पण त्यानंच करायला पाहिजे होता.

आता खरी मजा १९९८ ला आहे. सॉल्ट लेक सिटी, १४ जून, पुन्हा सहावी मॅच, पुन्हा युटा. ४१.९ सेकंद उरलेत आणि शिकागो ८६-८३ नं मागं. जॉर्डननं झटक्यात लेअप (पळत जाऊन बास्केटजवळनं मारलेला शॉट) घातला, एकाचं अंतर राहिलं. मग खाली येऊन मागनं युटाच्या मलोनच्या हातातला बॉल काढून घेतला. कोच फिल जॅक्सननं टाइमआउट घेतला नाही. जॉर्डन सावकाश पुढं आला, समोर एकटा ब्रायन रसेल, ५.२ सेकंद, ८७-८६.

आपण सगळे रसेल कसा घसरला तेच बघत बसतो. त्या वेळी स्टॉकटन कुठं होता बघा. तो केरवर होता आणि केरला सोडून एक पाऊल आला नाही. वर्षभरापूर्वी सोडल्याचा परिणाम त्यानं भोगला होता ना. जॉर्डनला इतिहासातला सगळ्यात गाजलेला शॉट एकास एक मिळाला, तो १९९७ ला त्यानं दिलेल्या पासमुळं. ज्या स्टारनं एकदा पास दिलेला असतो, त्याच्यावरची दुसरी डबल टीम (एकाला अडवायला दोघं) उशिरा येते.

पॉइंट गार्ड

चोवीस सेकंद, १९९८ चा मुद्दा लय भारी मांडलात.

आठवा नंबर दादा, कोबीचंच उदाहरण घेऊया. २०१० ची सातवी मॅच, बोस्टनविरुद्ध. कोबीचा हात त्या रात्री पार गेलेला होता, २४ पैकी ६ शॉट. पण १५ रिबाउंड त्यानं ओढले. आणि साधारण एक मिनिट उरलं असताना लेकर्स तीननं पुढं होते, तेव्हा बॉल कोबीच्याच हातात होता. त्यानं दिला कुणाला? रॉन आर्टेस्टला. ज्याला सगळी टीम "मारू नकोस" म्हणायची, त्याला. आर्टेस्टनं थ्री घातला, ७९-७३, आणि मॅच ८३-७९ ला संपली. तो पास दिला म्हणून कोबी छोटा झाला का? माझ्या नजरेत त्या रात्री तो सगळ्यात मोठा झाला.

मी विद्यापीठाच्या टीमकडनं गार्ड खेळलेय, म्हणून एक गोष्ट आतनं सांगते. शेवटच्या सेकंदांत बास्केट दिसत नाही हो. खरंच दिसत नाही. दिसते ती समोरच्या डिफेंडरची कंबर आणि तिच्या मागं उभ्या असलेल्या मुलीचे पाय. खांदे फसवतात, डोळे फसवतात, कंबर फसवत नाही. मागच्या मुलीचा पाय माझ्याकडं वळला की ती जिला अडवत होती त्या आमच्या खेळाडूला तिनं सोडलं, मग त्या खेळाडूकडं बॉल गेलाच पाहिजे. हा विचार करायला वेळ नसतो, हात आपोआप तिकडं जातो. ते घाबरणं नसतं. वर्षानुवर्षं केलेल्या सरावानंच हाताला ते शिकवलेलं असतं.

राजारामपुरीकर, फाउलची आशा धरून आत जायचं म्हणता, पण शेवटच्या मिनिटात रेफरी शिट्टी गिळून बसतात हे आपल्या कोर्टावर पण बघता की.

शिवाजी पेठवाला

मी मूळचा तालमीतला माणूस, बास्केटबॉल पोरामुळं बघायला लागलो. फायनल्स पहाटे लागतात, तो उठवतो, मग दोघं बघतो. माझ्या परीनं लिहितो.

कोल्हापूरच्या खासबाग कुस्ती मैदानात ज्या पैलवानाचा ढाक हा डाव गाजलेला असतो, त्याच्यासमोरचा गडी पहिल्या मिनिटापासनं ढाकेचाच बचाव धरून उभा असतो. आणि मोठा पैलवान त्याच बचावाचा फायदा घेऊन एकेरी पट (एक पाय धरून पाडायचा डाव) काढतो. बघणारे म्हणतात ढाक मारलीच नाही. अरे, ढाकेच्या धाकानंच कुस्ती झाली की.

आता माझा प्रश्न जाणकारांना. २०१८ च्या पहिल्या मॅचला १०७-१०७ असताना क्लीव्हलँडच्या जॉर्ज हिलचा दुसरा फ्री थ्रो चुकला, ४.७ सेकंद होते, जे. आर. स्मिथनं रिबाउंड घेतला आणि बॉल घेऊन बाहेरच पळाला. लेब्रॉन तेव्हा क्लीव्हलँडकडनं खेळत होता, तो हात करून ओरडायला लागला. ओव्हरटाइममध्ये १२४-११४ नं हरले, लेब्रॉनचे ५१ पॉइंट वाया गेले. क्लीव्हलँडकडं टाइमआउट शिल्लक होता म्हणतात. मग कुणीच कसा घेतला नाही? लेब्रॉनला घेता आला असता न्हवं?

सिमेंट कोर्ट

शिवाजी पेठवाले, नियमानं घेता आला असता. एनबीएत बॉल ज्या टीमकडं आहे त्या टीमचा कोर्टावरचा कुठलाही खेळाडू चालू खेळात टाइमआउट मागू शकतो, कोच पण मागू शकतो. स्मिथनं मागितला नाही, लेब्रॉननं नाही, कोच टाय लूनं पण नाही. दोष एकट्या स्मिथच्या माथी मारला गेला, हे मला आजही खटकतं. पाच खेळाडू आणि एक अख्खा बेंच होता.

पण आपल्याकडच्या पोरांसाठी यात महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. आपण फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल संघटनेच्या, नियमांनी खेळतो. फिबात टाइमआउट खेळाडू मागूच शकत नाही, तो कोचनं मागायचा, आणि मिळतो तो बॉल डेड झाल्यावर किंवा समोरच्यांनी बास्केट घातल्यावर. म्हणजे तुमच्या पोरानं पाच सेकंद उरलेले असताना रिबाउंड घेतला, तर कोच म्हणून मी बाहेर कितीही नाचलो तरी काही उपयोग नाही. त्या पाच सेकंदांचा मालक तो पोरगा. म्हणून शेवटच्या निर्णयाचा सराव आपल्या पोरांना जास्त लागतो, आणि नेमका तोच आपल्याकडं कमी होतो. सगळा सराव लेअपच्या लाइनी आणि फ्री थ्रोचा.

मी मुलींना शिकवतो. मागच्या मोसमातली आंतरशालेय मॅच सांगतो. एकनं मागं, नऊ सेकंद, बॉल आमच्या कॅप्टनकडं. त्या दिवशी निम्म्याहून जास्त पॉइंट तिचेच होते. ती उजवीकडनं घुसली, समोरची उंच मुलगी बास्केटखाली उभी. कॅप्टन अगदी उडायच्या बेतात होती आणि तिनं बॉल खालून, जवळजवळ जमिनीला घासत, डाव्या कोपऱ्यात फेकला. तिथली मुलगी सातवीतली, पूर्ण मोकळी. तिचा शॉट रिंगवर दोनदा आपटून बाहेर आला. शिट्टी.

कडेला उभ्या असलेल्या पालकांनी कॅप्टनला तिथंच सुनवायला सुरुवात केली. तूच मारायचा होतास, एवढं सगळं तूच केलंस आणि शेवटी हिला कशाला दिलास. ती सातवीतली पोरगी शेजारीच उभी राहून ते सगळं ऐकत होती. मला पालकांचा जेवढा राग आला तेवढा हरल्याचा नाही आला. मी कॅप्टनला बाजूला घेऊन एवढंच विचारलं, काय दिसलं तुला? ती म्हणाली, "सर, तिची टाच उचलली होती."

उंच मुलीची टाच उचलली होती, म्हणजे ती ब्लॉकसाठी उडणार होती, म्हणजे कोपरा मोकळा. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीनं पळता पळता ते टिपलं. मी सगळ्यांसमोर सांगितलं की पास बरोबर होता आणि शॉट पण बरोबर होता. पुढच्या आठवड्यापासनं त्या सातवीतल्या मुलीला रोज त्याच कोपऱ्यातनं, दमल्यावर, सरावाच्या अगदी शेवटी शॉट मारायला लावले.

पंचगंगाकाठ

सिमेंट कोर्ट सर, +१००. अशा पालकांना हा धागा वाचायला द्या.

रे ॲलनचं नाव अजून कसं आलं नाही? २०१३, सहावी मॅच. २८ सेकंद उरलेत, सॅन अँटोनियो ९४-८९ नं पुढं. तेव्हा मायामीकडनं खेळणाऱ्या लेब्रॉननं एक थ्री चुकवला, रिबाउंडवर परत मिळालेला घातला, ९४-९२. सॅन अँटोनियोच्या कवाय लेनर्डचा दोनपैकी एक फ्री थ्रो गेला, ९५-९२. मग लेब्रॉनचा आणखी एक थ्री चुकला, बॉशनं रिबाउंड घेतला, आणि मायामीचाच ॲलन बास्केटखालनं मागं मागं पावलं टाकत उजव्या कोपऱ्यात, लाइनच्या बाहेर, बॉल हातात येताच शॉट. ५.२ सेकंद, ९५-९५. ओव्हरटाइममध्ये मायामी १०३-१००.

ॲलन नेमका तसाच सराव करायचा, मागं पळत कोपऱ्यात जायचं आणि पाय न बघता लाइनच्या बाहेर थांबायचं. सरांच्या सातवीतल्या मुलीला तो व्हिडिओ नक्की दाखवा.

आणि त्या दोन्ही रिबाउंडच्या वेळी सॅन अँटोनियोचा उंच टिम डंकन बेंचवर होता. कोच पोपोविचनं बाहेर स्विच (डिफेंडरांनी आपापले खेळाडू अदलाबदल करणं) करता यावं म्हणून त्याला काढलं. तीननं पुढं असताना फाउल पण केला नाही. शेवटच्या मिनिटाची चर्चा करताना आपण स्टारवर घसरतो, पण आत कोण आहे हे ठरवणारा माणूस कोट घालून बाहेर उभा असतो.

राजारामपुरीकर

तीननं पुढं असताना फाउल करावा का, यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.

आठवा नंबर

सगळं वाचलं. आर्टेस्टचा पास मला पण पाठ आहे, पॉइंट गार्ड ताई, मुद्दा मान्य. तरी माझं पूर्ण समाधान होत नाही, आणि त्याचं कारण सांगतो.

२०१६ ची सातवी मॅच बघा, क्लीव्हलँड विरुद्ध गोल्डन स्टेट. ८९-८९, चार मिनिटं होत आली कुणालाच काही घालता येईना. दमलेले सगळे. क्लीव्हलँडनं काय केलं? जे. आर. स्मिथला स्क्रीन लावायला, म्हणजे डिफेंडरच्या वाटेत उभं राहायला, पाठवला, म्हणजे क्ले थॉम्पसन हटून कायरी अर्व्हिंगसमोर स्टेफ करी आला. मग कायरीनं एकास एक, करीच्या डोक्यावरनं थ्री घातला, ५३ सेकंद उरलेले. पास नाही, फिरवाफिरवी नाही. समोर कोण पाहिजे ते आधी ठरवलं आणि मग स्वतः मारला. हा शॉट अवघड होता, पण कुणावर मारायचा हे निवडलेलं होतं. २०२० ला लेब्रॉनला १६ सेकंद होते. तो अशी निवड करू शकला असता. तो घुसला तिथंच मायामीला तिघं गोळा करता आले. म्हणून मी म्हणतो, पास चुकला नसेल, पण त्याच्या आधीची दहा सेकंदं चुकली.

चोवीस सेकंद

आठवा नंबर, हा मुद्दा धाग्यातला सगळ्यात चांगला आहे, मनापासून. आणि त्या दिवशी बॉल लेब्रॉनच्या हातात नव्हता, कायरीच्या होता, हे पण बघा. २७ पॉइंट, ११ रिबाउंड, ११ असिस्ट केलेला माणूस बाजूला उभा राहिला, आणि त्याच्याआधी गोल्डन स्टेटच्या इग्वोडालाचा लेअप त्यानं मागनं येऊन बोर्डावर चिकटवला होता. शेवटचं मिनिट म्हणजे फक्त शेवटचा शॉट नव्हे.

लेकर्सच्या मॅजिक जॉन्सनचं पण सांगायला पाहिजे. १९८४, दुसरी मॅच, बोस्टन, ११३-११३. बॉल मॅजिककडं आणि त्यानं तो खेळवत खेळवत वेळच संपवला. शॉटच नाही. ओव्हरटाइममध्ये हरले, सिरीज पण हरले. घाबरला म्हणायचं असेल तर अशा वेळी म्हणा, निर्णयच न घेणाऱ्याला. आणि तोच माणूस १९८७ ला त्याच बोस्टनमध्ये चौथ्या मॅचला दोन सेकंद असताना हुक मारून १०७-१०६ करतो.

बँकशॉट

आठव्या नंबरचा "आधीची दहा सेकंदं" हा मुद्दा मी माझ्या मूळ म्हणण्यात धरलाच नव्हता, तो धरायलाच पाहिजे. पासबद्दलचं मत तेच आहे.

आता सगळ्यांना एक प्रसंग देतो. २०२१, पाचवी मॅच, सिरीज २-२. मिलवॉकी १२०-११९ नं पुढं, फिनिक्सचा डेविन बुकर ४० पॉइंट करून आत घुसलेला. मिलवॉकीच्या ड्रू हॉलिडेनं त्याच्या हातातला बॉल अक्षरशः हिसकावून घेतला, १६ सेकंद होते. पुढं सगळे म्हणतात तसं बॉल धरून थांबायचं, फाउल करून घ्यायचा, फ्री थ्रो मारायचे. त्यानं पळत जाऊन आपल्याच टीमच्या यानिसला उंच बॉल टाकला, आणि यानिसनं तो हवेतनं तसाच आत कोंबला. १२२-११९, आणि मॅच १२३-११९ नं संपली. टाकलेला बॉल एक हात इकडं तिकडं झाला असता तर फिनिक्सला परत संधी होती. बरोबर का चूक?

आठवा नंबर

चूक. आत गेला म्हणून गाजला. एकनं पुढं असताना बॉल हातातनं सोडायचा नाही. तुमच्याच नियमानं, निकाल बाजूला ठेवून सांगतोय.

पॉइंट गार्ड

बरोबर. दोघांसमोर फिनिक्सचा ख्रिस पॉल एकटा, आणि यानिस त्याच्यापेक्षा जवळजवळ फूटभर उंच. शिवाय यानिस हात वर करून बॉल मागत पळत होता. थांबलास तर फिनिक्सचे चौघं परत येणार आणि फाउल झाल्यावर ते फ्री थ्रो आत जातीलच याची हमी कोण देतो? पंचगंगाकाठ यांनी २०१३ चे सांगितले ना.

आठवा नंबर

फ्री थ्रो एक तरी जातो, ताई. हवेतला बॉल जाईलच असं नाही.

सिमेंट कोर्ट

लिहून मिटणार नाही हे. रविवारी सकाळी कोर्ट मोकळं आहे, सात वाजता या. एकनं पुढं, सोळा सेकंद, दोनास एक, मागनं चौघं पळत येणार. माझ्या मुली बॉल घेऊन पळतील. आठवा नंबर, तुम्ही ख्रिस पॉलच्या जागी थांबा. प्रत्येकीला दोन्ही पर्याय खेळायला लावू आणि तिनं काय बघून काय केलं ते तिलाच विचारू. शिवाजी पेठवाले, मुलाला घेऊन या, घड्याळ तुमच्याकडं.

शिवाजी पेठवाला

येतो सर. पोराला मागनं पळणाऱ्या चौघांत घ्या, त्याला दम नाही, पळू दे जरा.